बटणाचे दोन खटके

ती घटना मी विसरलेलो नाही, विसरावी असं मात्र अनेकदा वाटलं. नोकरीत दरोडेखोर पकडले, खुनी पकडले. त्यांतले बहुतेक आता चेहऱ्यानेही आठवत नाहीत. या प्रकरणात एकही वाईट माणूस नव्हता, आणि तेच मनाला लागून राहिलं आहे.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी चाकणच्या बाजूला फौजदार होतो. आज जिथे कंपन्यांचे भोंगे वाजतात तिथे तेव्हा बाजरी आणि उघडा माळ होता. निघोज्याच्या पलीकडच्या माळावर लढाईच्या काळातली एक धावपट्टी पडून होती. ती एका क्लबाने घेतली होती आणि हौशी मंडळींना तिथे विमान चालवायला शिकवत. एका सकाळी पाटलांचा माणूस सायकल दामटत ठाण्यात आला. दोन विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली होती.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. क्लबाचे मुख्य शिक्षक जागीच गेले होते. लढाईत विमान चालवलेला दांडगा माणूस. सगळे त्यांना कॅप्टनसाहेब म्हणत. दुसऱ्या विमानातला त्यांचा विद्यार्थी वाचला होता, पण पाय मोडला होता. त्याला पुण्याच्या दवाखान्यात नेलं होतं. शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्याने सगळं पाहिलं होतं.

"व्हय सायेब, मागनं एक इमान उतरत व्हतं, अन् हे म्होरलं तसंच पट्टीवर शिरलं. आमी लई वरडलो, पर त्या आवाजात कोन ऐकतंय?"

तिथे लाकडी मनोऱ्यात बसून रेडिओवरून विमानांना कधी उतरायचं, कधी थांबायचं हे सांगणारा एक तरुण नियंत्रक होता. मी बूट काढून शिडी चढलो, तोवर हा उभा राहून बोलूनही मोकळा झाला. "चूक माझी आहे. कॅप्टनसाहेबांना थांबायला सांगायचं मी विसरलो. लिहून घ्या."

हयगयीने मृत्यू घडवल्याचा गुन्हा नोंदवला आणि त्याला अटक केली. असा आयता कबुलीजबाब मिळाला की हवालदार मंडळी खूश होतात. मला मात्र संशय येतो. आरोपी आधी पाणी मागतो, मग वकील मागतो, मग देवाची शपथ घेतो. याने काहीच मागितलं नाही, जेवणसुद्धा. कोठडीत जायची त्यालाच घाई झाली होती.

त्याच आठवड्यात पिंपरी कॅम्पातला एक रेडिओ दुरुस्त करणारा ठाण्याच्या फाटकाशी घुटमळताना दिसला. फाळणीत सिंध सोडून आलेला, खाकी कपडा दिसला की अंग चोरणारा माणूस. आत येईना, म्हणून मीच बाहेर गेलो.

"साब, मेरे पे केस तो नहीं होगा?" हे त्याने मला किती वेळा विचारलं असेल! दुरुस्तीला आलेले सेट लावून बघताना तो गंमत म्हणून विमानांचं बोलणं ऐकायचा, आणि ते कायद्यात बसत नव्हतं. तू नुसता बोल, म्हटलं.

"साब, वो लड़का झूठ बोलतो. त्याने थांबायला सांगितला होता. मैंने अपने कान से सुना. फिर टक-टक झाला, बस."

मी नियंत्रकाला कोठडीतून बाहेर आणवलं, समोर चहा ठेवला आणि एवढंच विचारलं, "टक-टक म्हणजे काय रे?"

त्याचा चेहरा पडला. कप बाजूला सारून तो सांगू लागला. रेडिओवर बोलायची भाषा ठरलेली असते. मनोऱ्याने सूचना दिली की वैमानिकाने ती जशीच्या तशी म्हणून दाखवायची: 'थांबतो, धावपट्टीवर येत नाही.' सोबत आपल्या विमानाचं नावही सांगायचं. त्याने म्हटलं नाही तर मनोऱ्याने त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं. कॅप्टनसाहेबांना ही पोपटपंची वाटे. ते माइकचं बटण नुसतं दोनदा दाबत. मनोऱ्यात दोन खटके ऐकू येत. त्याचा अर्थ, कळलं.

"आणि तू कधीच टोकलं नाहीस?"

"साहेब, मला त्या खुर्चीवर त्यांनी बसवलं. रेडिओ त्यांनी शिकवला. त्यांना मी काय म्हणू, सर, धडा म्हणून दाखवा?"

"त्या दिवशी काय झालं?"

"आधी त्यांना निघायची परवानगी दिली होती. तेवढ्यात विद्यार्थ्याचं विमान लवकर आलं. त्याला उतर म्हटलं आणि लगेच सरांना थांबा म्हटलं. खटके आले. तरी सर निघाले. गेलेल्या माणसाला लोक बेफिकीर म्हणतील. त्यापेक्षा मी विसरलो म्हटलेलं बरं."

मला त्याचा राग आला आणि कणवही आली. हा तुरुंगात जायला तयार होता, पण मेलेल्या गुरूबद्दल एक वाकडा शब्द बोलायला तयार नव्हता. तरी एक गोष्ट मला पटेना. लढाई पाहिलेला माणूस 'थांबा' ऐकून पुढे जाईल कसा? जाणकाराने मोडलेलं विमान तपासलं तेव्हा कॅप्टनसाहेबांच्या कानावरच्या यंत्राची वायर सुटलेली निघाली. आघाताने ती तुटली नव्हती, आधीच निसटली होती. त्यांनी 'थांबा' ऐकलंच नव्हतं. मग खटके कुणाचे?

मी पुण्याला दवाखान्यात गेलो. विद्यार्थी उशीला टेकून पडला होता. आपल्याला उतरायची परवानगी होती, हे तो पुन्हापुन्हा सांगत होता.

"परवानगी मिळाल्यावर उत्तर काय दिलंस?" मी विचारलं.

"लगेच नाही देता आलं, हात गुंतले होते. मग बटण दाबलं दोनदा. सर करायचे तसं. आम्ही सगळेच तसं करायला लागलो होतो, रुबाब वाटायचा..." आणि बोलता बोलताच त्याला उमगलं. "म्हणजे मनोऱ्याला वाटलं, सरांनीच..."

खटक्याला ना आवाज असतो ना नाव. सगळे शब्दांत उत्तर देत असते, तर कॅप्टनसाहेबांचा आवाज आला नाही हे कळलं असतं आणि नियंत्रकाने त्यांना पुन्हा हाक मारली असती, लाल दिवा दाखवला असता. तो मुलगा भिंतीकडे तोंड करून रडत राहिला. नर्सने मला बाहेर जायला सांगितलं.

खरं शोधून काढलं की पोलिसाला बरं वाटतं. मला नाही वाटलं. कोर्टाने नियंत्रकाला सोडलं, पण तो पुन्हा मनोऱ्यावर चढला नाही. त्या मुलाचा पाय बरा झाला, पण विमानात तो परत बसला नाही. निवृत्त होईपर्यंत कुठल्याही शिपायाला हुकूम दिल्यावर मी तो त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यायचो. एक जुने हवालदार त्यावर रुसले, "भरोसा न्हाई व्हय आमच्यावर?" त्यांना रुसू दिलं. भिडेपोटी गप्प बसणारी माणसं मला चोरांपेक्षा जास्त महागात पडली आहेत.

कॅप्टनसाहेबांच्या वस्तू घ्यायला त्यांच्या पत्नी ठाण्यात आल्या, तेव्हा जामिनावर सुटलेला नियंत्रकही हजेरीच्या सहीसाठी आलेला होता. तो त्यांच्या पायाशी वाकला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, बाई आता संतापतील. त्यांनी त्याला खांद्याला धरून उठवलं.

"घरात चपला घालून स्वयंपाकघरात आले की मी टोकायची. निमूट मागे फिरायचे," त्या म्हणाल्या. "तूही टोकायचंस रे. ऐकलं असतं त्यांनी."