मुजऱ्याचा गूळ

वडूजच्या बाजारतळावर एक घोडीवाला रोज सकाळी घोडीला नाच शिकवायचा. माणसांना अरेतुरे करायचा, घोडीला मात्र ‘बाईसाहेब’ म्हणायचा. हलगीवर ती झकास नाचे. पण मुजऱ्यासाठी गुळाचा खडा तिच्या पायांपाशी धरावा लागे.

पुढाऱ्याच्या वाढदिवसाला त्याला बोलावलं. हलगी कडाडली. साहेब हार घालून ताठ उभे, घोडीही ताठच.

“वाकव की रं तिला!” कार्यकर्ते ओरडले.

त्यानं शांतपणे साहेबांच्या हातात गूळ ठेवला. “खाली धरा, सायेब. आजून खाली.”

साहेब कमरेत वाकले, मग घोडी वाकली. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “मुजरा शिकवणं अवघड असेल, नाही?”

“घोडीवर पोतंभर गूळ गेला,” तो तिची आयाळ विंचरत म्हणाला. “सायेब एका खड्यात शिकलं.”