निळ्या कापडापुढचा मामा

चिखलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. मागच्या भिंतीवर निळं कापड ताणलेलं असतं. बाकीचे हिरवं वापरतात. पण आपल्याकडे नवरीच्या हातात हिरवा चुडा. कॉम्प्युटरला 'हिरवं तेवढं काढ' म्हटलं की कापडासोबत बांगड्याही जातात आणि पंजे मनगटापासून सुटे हवेत लोंबतात. एकदा ही चूक केली, तेव्हापासून निळंच. निळं काढलं की तिथं भोक पडतं, आणि त्या भोकातून पाहिजे ते चित्र दिसतं. काश्मीर म्हणा, ताजमहाल म्हणा.

मोठ्या बहिणीच्या मुलीचं लग्न शेगावला होतं. शूटिंगची ऑर्डर तिनं दुसऱ्याला दिली, आणि हे मला त्या दुसऱ्याकडूनच कळलं. घरचा माणूस असून. मी लग्नाला गेलो नाही. अंतरपाटाच्या वेळी नवरीच्या मागं मामा उभा राहतो. माझ्या जागी चुलतभाऊ उभा राहिला.

वडील धामणगाव बढ्याला अंथरुणाला खिळलेले. मामा उभा होता, असं बहिणीनं त्यांना सांगून टाकलेलं. ते व्हिडिओ मागायला लागले, तशी ती पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आली.

"तुले सोताले टाकता येते ना याच्यात?"

"ज्याले ऑर्डर देली त्याले सांग."

"तू कॅमेरा धरला असता त पोरीच्या मागं कोण उभं राह्यलं असतं बे? म्हणून देली त्याले."

"मंग सांगाचं होतं."

"फोन काऊन उचलत नव्हता?"

मी पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला. फेटा बांधून मी निळ्या कापडापुढं उभा राहिलो. निळं काढून स्वतःला मांडवात बसवलं. चुलतभाऊ अंगानं बारीक, माझ्यामागं पुरता झाकला गेला. नवरी माझ्या पुढं दिसावी म्हणून तिच्या कडेकडेनं एकेक फ्रेम कापली. मांडवातला पिवळट उजेड चेहऱ्यावर आणला. इतकं मन लावून मी कुणाच्याच लग्नाचं काम केलं नव्हतं.

वडिलांनी आम्हा दोघांना शेजारी बसवून तो व्हिडिओ पाहिला. मंगलाष्टकं संपली तसे म्हणाले, "थांबव."

मी थांबवला.

"साऱ्याईच्या डोक्यावर अक्षता हायेत. तुह्या फेट्यावर एकबी नाही."

आमच्याकडे अक्षता म्हणजे कुंकवात रंगवलेली ज्वारी; ती मूळ चित्रात उडालेली. मी नंतर त्या चित्रावर येऊन बसलेलो. ती माझ्या मागून पडत होती. बहीण पाणी आणायला म्हणून आत गेली.

"मी नव्हतो, बाबा."

"लग्नात एका जागी आले नाही दोघं. मले फसवाले आले."

थांबलेल्या चित्राकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "कोण होता तिथं?"

मी सांगितलं.

"म्हणजे त्यालेबी पुसून टाकलं तुमी."

मूळ व्हिडिओ पेनड्राइव्हवर होताच. तो लावला. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला, मग माझ्याच मोबाइलवरून चुलतभावाला फोन लावायला लावला.

"पाह्यलं तुले आज," ते त्याला म्हणाले. "नातीमागं उभा राह्यला, बरं केलं."

मोबाइल परत देताना त्यांनी तो माझ्या हातात दिला नाही. खाटेच्या कडेवर ठेवला.