डबे पडतात

मुलाचं शिक्षण आईच्या मांडीवर सुरू होतं, असं गंभीर चेहऱ्याची माणसं सांगतात. माझ्या मुलीचं माझ्या कपाळावर सुरू झालं, लाटण्यानं.

तेलुगू मुलखातल्या इचोड्यात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर तेलुगू शाळेचा पहिलीचा वर्ग होता. मास्तर दिवसभर ओरडायचे, "देब्बलु पडताई!" म्हणजे फटके पडतील. मग ते पडायचे. मुलगी अडीच वर्षांची, घरात बोलणं मराठी. तिला ऐकू यायचं, डबे पडतात.

तिची शाळाही तशीच भरायची. उशी, चिंध्यांची बाहुली, एक वांगं आणि मी असे ओळीनं बसायचो. "डब्बे पडतात!" म्हणत ती फळीवरचा डबा पाडायची आणि लाटणं घेऊन आमच्यावर तुटून पडायची. बाहुलीचा हात लवकरच गेला. वांग्याचा गर भिंतीवर उडाला.

"गुरुजी, काऊन मारून राह्यले?" मी कपाळ धरून विचारलं.

"चूक झाली."

"कोणती जी?"

ती थबकली. "आंदी मारतो, मंग सांगतो."

मी शाळा बंद केली नाही. पडलेला डबा मोठा का लहान, त्यात डाळ होती का तांदूळ, असं गुरुजींना विचारत राहिले. उत्तर शोधताना लाटणं खाली राहायचं. लहानमोठं ती तिथंच शिकली. वांगं मात्र रोज मेलं.

पुढं तिला त्याच वर्गात बसवायचं ठरलं. नवरा म्हणाला, "तिले खरं सांगून टाक. हात फुटन पोरीचा."

"काय सांगू? डबे पडत नाईत, तुले फटके पडतीन म्हणू?"

मी फक्त जेवणाचा नवा डबा घेऊन दिला.

पहिल्या दिवशी पोळ्या लाटता लाटता खिडकीतून पाहत होते. मास्तरांनी छडी उगारून तेच वाक्य म्हटलं. बाकीच्या पोरांनी हात मागं घेतले, हिनं डबा पुढं केला. छडी डब्यावर वाजली. वर्ग हसला. म्हणून दुसरी छडी तिच्या मनगटावर बसली.

मी लाटण्यासकट वर्गात गेले. "गुरुजी, काऊन मारून राह्यले?" प्रश्न मला पाठ होता. मास्तरांना मराठी कळायची, पण त्यांची नजर लाटण्यावर होती.

मागून मुलगी रडत म्हणाली, "आई, आंदी मार, मंग सांग."

मी टेबलावर लाटणं हाणलं. खडूचा डबा खाली पडला. पुन्हा तिच्या अंगावर छडी उठली नाही. बाकीच्यांवर उठत राहिली.

छडीनं चेपलेल्या तिच्या डब्याला झाकण बसत नाही. मी त्यात लसूण ठेवते.