मिस्त्रींचं नाक

"गडबड नगो. अजून वास घेतला न्हाय."

मिस्त्रींचं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की घरात कुणी घाई करायला लागलं तर माझ्याही तोंडात तेच येतं. मशीन दुरुस्त झालेलं असायचं, गिऱ्हाईक पट्टा खांद्याला अडकवून निघायच्या बेतात असायचं, आणि मिस्त्री हात आडवा घालून त्याला थांबवायचे. मग चष्मा कपाळावर सरकवायचा, डोळे मिटायचे आणि पेट्रोलच्या टाकीवर वाकून लांब श्वास घ्यायचा. अत्तरवाल्याच्या दुकानात उभं राहावं तसा चेहरा. गिऱ्हाईक गप्प, मीही गप्प. मग ते मान वर करून म्हणायचे, "जावा."

गवत कापायची ही मशिनं तुम्ही पाहिली असतील. खांद्याला पट्टा, लांब दांडा, टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची दोरी, आणि मागे कमरेपाशी छोटं इंजिन आणि टाकी. आपल्याकडे सगळे त्याला कटर म्हणतात. शाहूपुरीतल्या ज्या गल्लीत माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे, तिथंच भिंतीला भिंत लावून मिस्त्रींचं दुकान होतं. दुसरं काही ते करतच नसत. कुणी मोटरसायकल आणली तर पलीकडच्या गॅरेजकडे बोट दाखवून मोकळे.

शेजारी म्हणून माझं आणि त्यांचं काही फार गूळपीठ नव्हतं. माझ्या कोऱ्या कार्डांना त्यांच्या पेट्रोलचा वास लागायचा. एकदा एका वरबापाने पत्रिका नाकाशी धरून विचारलं, "अण्णा, ही शाई हाय का रॉकेल?" मी तावातावाने शेजारी गेलो. मिस्त्रींनी पत्रिका हातात घेतली, हुंगली आणि म्हणाले, "रॉकेल न्हवं ते. पेट्रोल. त्यात ऑइल जास्त पडलंय." माझ्या भांडणाचा असा निकाल लावून ते पुन्हा कामाला लागले.

कटरच्या दुखण्यात निम्मं दुखणं नळ्यांचं असतं, हे मला शेजारी बसून बसून कळलं. टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल नेणारी एक बारीक नळी, आणि जादा झालेलं परत टाकीत आणणारी दुसरी. उन्हाने आणि पेट्रोलने त्या कडक होतात, तडकतात. मग मशीन चालू होत नाही, किंवा चालू होऊन बंद पडतं. त्याहून वाईट म्हणजे पेट्रोल झिरपायला लागतं. हाताच्या अंतरावर सायलेन्सर तापलेला, आणि हे सगळं माणसाच्या कमरेला चिकटलेलं. मिस्त्रींना धास्ती होती ती एवढीच.

"आता ह्या पेट्रोलात उसाचं स्पिरिट घालत्यात," ते चिडून सांगायचे. "ऊस आपला, कारखाना आपला, आनि नळी खातंय ती पन आपलीच."

त्यात आपल्या लोकांची एक खोड. नळी तडकली की दवाखान्यात पडलेली सलाईनची नळी आणून बसवायची! पारदर्शक, स्वच्छ, आतलं पेट्रोलसुद्धा दिसतं. काही दिवस झकास चालते आणि मग काचेसारखी कडक होऊन ऐन कामात मोडते. अशी नळी दिसली की मिस्त्री ती ओढून काढून गिऱ्हाइकाच्या नाकासमोर नाचवायचे. "ह्ये पेशंटला लावत्यात, पावणं! मशिनीला लावल्यावर तुम्हीच पेशंट हुनार."

नवी नळी बसवतानाचा त्यांचा हात बघण्यासारखा होता. नळीचं टोक तिरकं कापायचं. टाकीचं भोक नळीपेक्षा किंचित लहान असतं, त्यात ते टोक खुपसायचं, टाकीच्या तोंडातून पक्कड घालून ओढून घ्यायचं, टोकाला गाळणी लावायची आणि आत सोडून द्यायची. भोक घट्ट असतं म्हणूनच पेट्रोल बाहेर येत नाही. पण कडेला बारीक चीर गेली, तर ती डोळ्यांना दिसत नाही. पेट्रोल बोटाला लागायच्या आत उडून जातं. म्हणून शेवटी नाक.

कोरोनात मिस्त्री आणि त्यांची बायको दोघंही आजारी पडले. त्या परत आल्या नाहीत. मिस्त्री आले. दुकान उघडलं तेव्हा निम्मे झालेले होते. मुलगी गडहिंग्लजला दिलेली, ती म्हणाली माझ्याकडे चला, हे म्हणाले, "माझी मशिनं कोन बघनार?" आम्ही गल्लीतले लोक चार दिवस त्यांना डबे देत होतो, मग आपापल्या उद्योगाला लागलो. त्यांचं ते टाकीवर वाकणं, डोळे मिटणं, "जावा" म्हणणं सगळं पूर्वीसारखं चालू झालं.

एक गोष्ट मात्र नवीन होती. ते माझ्याकडे कागद मागायला लागले. पत्रिका कापून उरलेल्या पांढऱ्या पट्ट्या. "कशाला?" म्हटलं तर, "लागत्यात." मी डोकावून बघितलं, तर नळी बसवलेल्या टाकीखाली माझी पट्टी ठेवून ते भिंगातून तिच्याकडे बघत बसलेले. पट्टीवर 'शुभविवाह' मधलं अर्धं 'शुभ' छापलेलं. मी थट्टा केली, "मिस्त्री, मशिनीचं लगीन काढलंय का?" ते हसले नाहीत.

मग ती संध्याकाळ आली. दिवेलागणीची वेळ होती आणि माझ्या दुकानात एकदम उग्र वास घुसला. नेहमीचा नव्हे. डोळ्यांत पाणी यावं असा. मी उठून शेजारी गेलो. कामाच्या फळीखालचा कॅन आडवा झाला होता आणि पेट्रोल उंबऱ्यापर्यंत पसरलं होतं. मिस्त्री त्यातच चपला घालून, भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीसमोर, एका हातात उदबत्ती आणि दुसऱ्या हातात काडेपेटी घेऊन उभे. काडी ओढायच्याच बेतात.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, शिवीच असणार. त्यांनी दचकून काडी खाली टाकली. न पेटलेली. माझ्याकडे बघत म्हणाले, "काय झालं ओ?"

"पेट्रोल सांडलंय!"

"कुठं?"

ते त्यात उभे होते, आणि मला विचारत होते, कुठं.

आम्ही दोघांनी मिळून माती टाकली, शटर उघडं ठेवलं, आणि बाहेरच्या पायरीवर बसलो. मिस्त्री तळव्याने नाक पुसल्यासारखं करून म्हणाले, "न्हाय येत. आजारापास्नं कायच येत न्हाय. डॉक्टर म्हनला, यील हळूहळू. कुठलं यायला."

"मग इतके दिवस वाकून काय हुंगताय?"

"लोकं बघत असत्यात की. तुमच्या कागदावर डाग बघतो, पर बारीक चिरंचा डाग पडायच्या आत उडून जातोय." मग म्हणाले, "बायकू गेली त्ये समद्या गल्लीला कळलं, अण्णा. लोकं भेटाय आली. ह्ये गेलेलं कुनाला सांगू?"

मला सुचलं ते एवढंच, की नाक माझं शाबूत आहे आणि इतकी वर्षं मी ते नुसतं तक्रारीसाठी वापरलंय. मी म्हणालो, "उद्यापासून मी वास घेत जाईन."

आणि घ्यायला लागलो. मशीन तयार झालं की मिस्त्री भिंतीवर पाना ठोकायचे. मी हातातली पत्रिका टाकून जायचो, वाकायचो, हुंगायचो. गिऱ्हाइकांना वाटायचं दुकानात भागीदारी झाली. माझी बायको म्हणायला लागली, तुमच्या शर्टाला आता घामापेक्षा पेट्रोलचा वास जास्त येतो. मी चुकीचं सांगितलं तर, अशी भीती मलाही वाटायची, म्हणून दोनदोनदा वाकायचो. मिस्त्री माझ्या तोंडाकडे असे बघत राहायचे, की जणू मी त्यांचा रिपोर्ट वाचून दाखवणार आहे. "न्हाय," मी म्हणायचो. मग ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, "जावा."

असं बरंच चाललं. चालत राहिलं असतं. पण त्या ऑगस्टमध्ये मी पत्रिकांचा गठ्ठा पोचवायला गडहिंग्लजला गेलो आणि पाहुण्यांनी रात्री मुक्कामाला ठेवून घेतलं. मागे दुकानात बिद्रीकडची आक्का आली. ही बाई लोकांचे बांध, शाळांची मैदानं कटरने साफ करून देते. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या त्या मशिनीवर. झेंडावंदनाआधी शाळेचं मैदान साफ करून द्यायचं होतं, आणि मशिनीत कुणीतरी सलाईनची नळी घालून ठेवलेली. मिस्त्रींनी दोन्ही नळ्या बदलल्या. आणि भिंतीवर पाना ठोकला. माझं दुकान बंद होतं.

आक्काने मला पुढचं सगळं नंतर सांगितलं. "मला म्हनले, सांजच्यापत्तूर थांब. म्या म्हनलं, माझी गाडी जाती, मिस्त्री. काम दुसऱ्याला देत्याल ते. मंग त्येनी लई येळ मशीन हातातच धरलं. वाकून वास घेतला आनि म्हनले, जा."

मी दुसऱ्या दिवशी परत आलो तेव्हा मिस्त्रींच्या दुकानाला कुलूप. आजारानंतर पहिल्यांदाच.

ते सकाळच्या पहिल्या एसटीने आक्काच्या गावाला गेले होते. मैदानावर आक्का मशीन चालवत होती. तोंडाला फडकं, कानात तो कर्कश आवाज. मिस्त्री समोरून हात हलवत धावत आले. दोरीने उडालेले खडे त्यांच्या नडग्यांवर बसत होते, तरी थांबेनात. "म्या म्हनलं, कोन येडं आलंय," आक्का सांगत होती. "मशीन बंद केलं, तर ह्ये! म्हनले, पट्टा काढ. खाली ठेव. लांब हो. आनि मला म्हनत्यात, वास घे."

आक्काने वाकून वास घेतला. नव्हता येत. त्यांनी तिला पुन्हा घ्यायला लावला. मग शाळेच्या शिपायाला बोलावून आणलं, त्यालाही वाकवलं. त्यालाही काही आला नाही. नळ्या अगदी पक्क्या बसल्या होत्या. मिस्त्रींनी बसवल्या होत्या, तशा. कापलेल्या ओल्या गवतावर ते बसले आणि लहान पोरासारखे रडले.

"म्या म्हनलं, मिस्त्री, मशीन ब्येस चालतंय, रडतायसा कशापायी?"

तेव्हा त्यांनी तिला खरं सांगितलं. ती भली बाई. म्हणाली, एवढंच ना, इथून पुढं मीच वास घेऊन मशीन नेईन, तुम्ही काम करा. त्यावर ते म्हणाले, "टाकी तुझ्या कमरेला असती, आक्का. माझ्या न्हाय."

दोन दिवसांनी त्यांनी हत्यारं पोत्यात भरली. मी भांडलो. अहो, मी आहे की! एक दिवस नव्हतो, म्हणून काय दुकान बंद करायचं? आणि नळी चांगली बसली होती ना? काय बिघडलं?

"बसली हुती," मिस्त्री म्हणाले. "पर मला ठावं नव्हतं. रातभर मला ती बाई पेटलेली दिसत हुती, अण्णा. काम चांगलं झालंय का वाईट, ह्ये ज्याचं त्याला कळाय नगो का?"

मला त्यांचा फार राग आला. शहाणपणाचा राग येतो तसा. आता त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं विकतात. माझ्या पत्रिकांना आता कसलाच वास येत नाही, आणि मला ते आवडत नाही. कटर घेऊन लोक अजून येतात, इकडेतिकडे बघतात आणि मला विचारतात, मिस्त्री कुठं गेले? मी सांगतो, घरी असतात.

दिवाळी झाल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. मंगळवार पेठेत दोन खोल्या. दार सताड उघडं, खिडक्या उघड्या, आणि मिस्त्री बाहेर पायरीवर स्वेटर घालून बसलेले. मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"आलासा? बरं झालं. आधी आत जाऊन बघा की जरा. मग च्या करतो."

"काय बघू?"

"गॅस."

दूध घालायला येणारी बाई रोज सकाळी आत जाऊन वास घेते, ती 'काय न्हाय' म्हणाली की मगच हे शेगडी पेटवतात. आज ती आलीच नव्हती. उन्हं वर आली होती आणि मिस्त्री आपल्याच घराबाहेर बसून कुणीतरी यायची वाट बघत होते.

मी आत गेलो. स्वयंपाकघर टापटीप होतं, भांडी ओळीने लावलेली. शेगडीपाशी वाकलो, सिलिंडरपाशी वाकलो. गॅसचा वास नव्हता. पण दुसरा कसला तरी होता. ओट्यावरच्या पातेल्याचं झाकण उचललं, तर आमटीवर फेस आलेला, आणि आंबलेला वास भपकन नाकात शिरला.

"हाय का?" बाहेरून आवाज आला.

"न्हाय," मी म्हणालो. "गॅस न्हाय. मिस्त्री, ही आमटी कधीची?"

"परवाची असंल. का ओ?" उंबऱ्यापाशी येऊन ते उभे राहिले. "सकाळी त्यातलीच खाल्ली की कालच्या भाताबरबर. चांगली हाय."