दोघांसाठी मांडलेली खोली

कुवेतला मी जन्म काढला, पण केवळ फिरायला म्हणून घराबाहेर एकच रात्र राहिलो. तीही जपानात, डोंगरातल्या एका तळ्यावर, आणि एकटा. हे कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, वा, मजा आहे तुमची. मजा काय होती ते माझं मला ठाऊक.

मी रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या गावातला. पन्नास सालानंतर आमच्या मोहल्ल्यातले तरणे पुरुष एकेक करून आखातात गेले, त्यांच्या मागोमाग मीही गेलो. कुवेत शहरात दस्मानजवळ एका अरबाबाच्या कापडाच्या पेढीवर लागलो. अरबाब म्हणजे मालक, तिथं सगळे असंच म्हणत. सुरुवातीला एका खोलीत आम्ही सहा जण. खोली कसली, भट्टीच ती. गोडं पाणी टँकरवाला आणून द्यायचा, ते पिण्यापुरतं. अंगावर मचूळ पाणी घ्यायचं आणि गप्प बसायचं. बायकोनं पत्रातून विचारलं, मी येऊ का, तर मी लिहिलं, इथं एका खोलीत सहा जण, तुला ठेवू कुठं? ते तेव्हा खरं होतं.

पुढं ते खरं राहिलं नाही. अरबाबाचा माझ्यावर विश्वास बसला आणि मला सालमिया भागात दोन खोल्यांची जागा मिळाली, एकट्याला. गच्चीवर पाण्याची टाकी, घरात नळ. हे मी गावी कळवलंच नाही. दोन वर्षांनी एकदा रजेवर जायचो, दोन महिने राहायचो, तेव्हाही तोंड उघडलं नाही. का, म्हणाल तर आता खोटं कशाला बोलू, मला एकट्याची चटक लागली होती. मनाला येईल तेव्हा जेवायचं, संध्याकाळी समुद्रावर जाऊन बसायचं, कुठं गेला होतात म्हणून विचारणारं कुणी नाही. माझा स्वभाव आधीच तापट. माणसं फार वेळ जवळ असली की माझं डोकं फिरतं. तिनं विचारलं की मी तेच जुनं वाक्य लिहायचो. खोलीतले ते सहा जण कधीच पांगले होते, पण मी त्यांच्या नावावर सहा वर्षं वेळ मारून नेली.

मग आमच्या गावचा एक जण रजेवर गेला आणि बोलता बोलता तिच्याकडं बोलून बसला, तुझ्या नवऱ्याचं काय, दोन खोल्यांत एकटा राजा आहे. झालं. तिचं पत्र आलं. ती मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. मोहल्ल्यातल्या बाकीच्या बायका पत्र दुसऱ्याकडून लिहून घेत, ही स्वतःच्या हातानं लिहायची, आणि सलाम-खुशाली झाली की थेट मुद्द्यावर यायची. तिनं लिहिलं होतं, "तुम्ही दोन खोल्यांत एकटे राहता असं कळलं. मी भांडत नाही. आपल्याला मूलबाळ नाही आणि माझं वय तीस झालं. येऊ की नको, ते एकदाच लिहा. नको असेल तर तसं लिहा, मी पुन्हा विचारणार नाही."

महिनाभर ते पत्र मी खिशात घेऊन फिरत होतो. उत्तर लिहायला बसायचो आणि तसाच उठायचो. 'ये' लिहावंसं वाटायचं नाही आणि 'नको' लिहायची छाती नव्हती. तेवढ्यात अरबाबानं मला जपानला पाठवलं. अरब अंगात घालतात त्या दिशदाशाचं पांढरं कापड तिकडून यायचं, आणि मागच्या खेपेला माल पिवळट निघाला होता. अरबाब म्हणाला, "तू स्वतः जा, कापड हातानं बघ आणि गाठी तुझ्या डोळ्यांदेखत जहाजात चढव." मला तर बरंच झालं. कामावर आहे म्हटलं की पत्राचं उत्तर लांबवायला निमित्त मिळतं.

कापड बघून झालं, पण योकोहामाला जहाज दोन दिवस उशिरा लागणार होतं. तिथल्या जहाज कचेरीतला चष्मेवाला कारकून, माझ्याच वयाचा असेल, म्हणाला, इथं बसून काय कराल, हाकोनेला जा. डोंगरात मोठं तळं आहे, एक रात्र राहा, परत या. मी हो म्हणायच्या आधी त्यानं तिथल्या उतरायच्या जागेला फोन लावलासुद्धा. फोन कानाला धरूनच त्यानं मला विचारलं, "मिसेस?" मला वाटलं, चौकशी करतोय, लग्न झालंय का म्हणून. मी मान हलवली. आपल्याकडं हलवतात तशी, उभी नाही आणि आडवीही नाही, आहे आपलं, चाललंय, अशा अर्थाची. तो फोनवर काहीतरी बोलला, फोन ठेवला आणि कमरेत वाकला. मीही वाकलो.

डोंगरावर चढणारी ती आगगाडी मजेशीर होती. थोडी पुढं जायची, थांबायची, मग उलटी निघायची, पुन्हा थांबायची, पुन्हा पुढं. असं करत करत वर पोचली. तिथून बसनं तळ्यावर. तिथून एक मोठा प्रसिद्ध डोंगर दिसतो म्हणे. मला काही दिसला नाही. धुकं इतकं दाट की पलीकडचा काठही अर्धाच दिसत होता. पण तळं होतं. काळसर, थंडगार, झाडीपर्यंत काठोकाठ भरलेलं. मी उकिडवा बसलो, ओंजळभर पाणी घेतलं आणि जिभेला लावून बघितलं. गोडं. एवढं सगळं गोडं पाणी उघड्यावर पडलेलं, ना कुंपण ना राखणदार. कुवेतात टँकर आला की डबे घेऊन धावणारी माणसं मला आठवली, त्यांच्यातला मीही आठवलो. हे तिला सांगायला हवं, असं पटकन मनात आलं. आणि लगेच स्वतःचा राग आला. जिला साधं हो-नाही कळवता येत नाही, तिला तळ्याच्या गमती कसल्या सांगतोस?

उतरायची जागा म्हणजे एक लाकडी घर होतं. दारातच बूट काढायचे, ते आपल्यासारखंच. सगळी कामं बघणारी एक पन्नाशीची बाई होती, तिनं मला खोलीत नेलं. जमिनीवर चटया, मधे बुटकं मेज, मेजाच्या दोन बाजूंना दोन बसायच्या उशा, दोन पेले, आणि कोपऱ्यात घडी करून ठेवलेले दोन झगे. मला वाटलं, इथली रीत असेल. गरम पाण्याच्या हौदात सगळे पुरुष उघडे बसलेले बघितले आणि मी दारातूनच मागं फिरलो. खोलीमागं हात धुवायची जागा होती, तिथंच लुंगी नेसून बादलीनं अंघोळ उरकली आणि जेवणाची वाट बघत बसलो.

जेवण काही येईना. बाई आली, सरकतं दार उघडून तिनं माझ्याकडं बघितलं, मग समोरच्या रिकाम्या उशीकडं बघितलं आणि विचारलं, "ओकुसान?" मला तो शब्द काय कळणार. मी समजलो, विचारतेय, सगळं ठीक आहे ना? मी मान हलवली, मघासारखीच. तिचं समाधान झालं, गेली. अर्ध्या तासानं पुन्हा आली, पुन्हा तेच विचारलं, पुन्हा मी मान हलवली. असं तीनदा झालं. पोटात कावळे ओरडायला लागले. चौथ्यांदा ती आलीच नाही, तेव्हा माझं डोकं तापलं. माणसाला उपाशी ठेवून वर खुशाली विचारायची, ही कुठली रीत? मी तरातरा बाहेर आलो.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. ती बाई फाटकापाशी उभी होती. एक छत्री तिच्या डोक्यावर, दुसरी मिटलेली, हातात. बस येते त्या रस्त्याकडं बघत होती. घराच्या मालकाला बंदरावर काम करून थोडं इंग्रजी येत होतं. तो मला बघून लगबगीनं पुढं आला आणि म्हणाला, "तुमच्या मिसेस कोणत्या बसनं येणार? शेवटची बस आता येईल."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फोनवरचा तो प्रश्न, दोन पेले, दोन झगे, आणि माझी ती डुगडुगणारी मान. ओकुसान म्हणजे बायको. तास दीड तास ही बाई माझ्या बायकोची वाट बघत थांबली होती, दोघं मिळून जेवतील म्हणून. मला सरळ सांगता आलं असतं की चूक झाली, मी एकटाच आलोय, ती तिकडं दूर हिंदुस्थानात आहे. पण माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतून निघालं ते वेगळंच. मी म्हणालो, "ती येणार नाही. मी तिला बोलावलं नाही."

मालकानं ते जसंच्या तसं बाईला सांगितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. ती हसली नाही की रागावली नाही. तिनं छत्री मिटली आणि मलाच वाकून माफी मागितली, जेवायला उशीर झाला म्हणून. कुणी तोंडात मारावं तसं मला झालं. सहा वर्षांत हे वाक्य मी कुणापुढं उच्चारलं नव्हतं, स्वतःपुढंसुद्धा नाही. गावाला वाटत होतं, परिस्थिती नाही. सालमियातल्या शेजाऱ्यांना वाटत होतं, तिचीच यायची तयारी नाही. खरी गोष्ट एवढीच होती की मी बोलावलं नव्हतं, आणि ती कळली कुणाला, तर ज्यांची भाषा मला येत नाही अशा दोन परक्या माणसांना.

जेवणात भात आणि अख्खा भाजलेला मासा होता. कुवेतात मासा खायचो, पण असा निवांत, भाताबरोबर, काटे काढत काढत बऱ्याच दिवसांनी खाल्ला. चवीला चांगला होता.

जेवणानंतर मी मालकाला विचारून घेतलं, सूर्य मावळतो कुठल्या बाजूला? त्यानं तळ्यापलीकडं हात केला. पहाटे नमाजाला मी त्या बाजूला तोंड केलं. गावी आमचा किबला, म्हणजे नमाजाची दिशा, समुद्राच्या बाजूला, सूर्य बुडतो तिकडं. कुवेतात गेल्यावर दिशा फिरली. तिथं काब्याकडं तोंड केलं की गाव डाव्या खांद्याच्या मागं पडतं, आणि इतकी वर्षं मला ते सोयीचंच होतं. इथं इतक्या लांब आल्यावर काबाही तळ्यापलीकडं आणि गावही तळ्यापलीकडं, जवळजवळ एकाच रेषेत. उभा राहिलो तर समोर गाव. नमाजात मन दुसरीकडं जाऊ नये म्हणतात, माझं सरळ घरी गेलं. तिकडं अजून रात्र असेल; उजाडलं की आई अंगणात कोंबड्या सोडेल, ही चुलीशी बसेल, आणि पोस्टमन आला की आधी त्याच्या चेहऱ्याकडं बघेल.

उजाडल्यावर मी मेजाशी बसून पत्र लिहिलं. "ये. सहा जण नाहीत, कधीपासून नाहीत, मी खोटं लिहीत होतो. कागदपत्रं मी करतो." छत्री घेऊन उभी राहिलेल्या बाईची सगळी हकीकत लिहिली, तळ्याचं पाणी गोडं आहे हेही लिहिलं. मन बदलायच्या आत पाकीट तिथल्याच टपालात टाकलं. बस निघाली तेव्हा मला वाटलं, मी बरा माणूस आहे, उशिरा का होईना. त्या प्रवासात मी अगदी खुशीत होतो.

कुवेतला आलो, अरबाबाला सांगितलं, तोही खूश झाला. दुसरी खाट आणली, खिडकीला पडदा लावला. दीड महिन्यानं तिचं उत्तर आलं. माझी आई तिची सख्खी आत्या, आमच्यात फुफी म्हणतात, तेव्हा सासू म्हणून तिनं आईला कधी हाक मारलीच नव्हती.

"तुमचं पत्र मिळालं," तिनं लिहिलं होतं. "छत्रीवाल्या बाईचं वाचून हसू आलं. तुम्ही बोलावलंत, फार बरं वाटलं. पण आता मला येता येत नाही. फुफी अंगणात घसरून पडल्या, कमरेचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणतात, आता चालणं नाही. माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाहीत. त्यांना टाकून मी येणार नाही, आणि तुम्हीही तसं म्हणणार नाही. गेल्या साली बोलावलं असतंत तर आले असते. जिवाला जपा."

पत्र वाचून झालं आणि माझ्या छातीतून एक मोठा श्वास सुटला. सुटलो, असं वाटलं. आई अंथरुणाला खिळलेली, बायको येत नाही, आणि मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. मग मी त्या नव्या खाटेवर बसलो आणि रडलो, तेही खरंच रडलो.

आई पुढं आठ वर्षं जगली. ती गेल्यावर बायको कुवेतला आली, तोवर ती चाळिशीला टेकली होती. मूल झालं नाही. तिनं मला कधी बोल लावला नाही. उलट, घरी कुणी आलं आणि जुन्या गोष्टी निघाल्या की ती मोठ्या अभिमानानं सांगते, "ह्यांनी मला थेट जपानातून पत्र लिहून बोलावलं होतं. मीच आले नाही." मी तिथंच बसलेला असतो. त्या सुटलेल्या श्वासाचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.