फाडलेलं पान

भोरात बंदुका दुरुस्त करणारी बाई ती तूच का, असं कुणी विचारलं की मी आधी हातातली रिकामी नळी डोळ्याला लावून त्याच्याकडं बघते आणि मग हो म्हणते.

एसटी डेपोपासून पाच मिनिटांवर आमची एक खोली. गिऱ्हाईक पार वेल्ह्यापासूनचं, रानडुकरांना वैतागलेलं, शेतीरक्षणाचा परवाना असलेलं. कामं ठरलेली: सैल झालेला चाप, नाहीतर तडकलेला दस्ता. दस्ता म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग. अण्णा, माझे वडील, तो शिसवाचा करून देत. गिऱ्हाइकाचा हात वाकवून कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंत माप घ्यायचं, वहीत लिहायचं. माप घेतलं की काम घेतलं, मग माघार नाही. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी मला माझ्या नावानं दुरुस्तीचा परवाना काढायला लावला. माप घेणं मात्र स्वतःकडंच ठेवलं.

मागच्या हिवाळ्यात मार्गासनीकडं फार्महाउस बांधलेला एक शहरी साहेब आला. अण्णांनी सवयीनं त्याचा हात वाकवला, माप लिहिलं आणि मग विचारलं, "बंदूक कंची हाय?"

साहेबानं मोबाईल पुढं केला. मोठ्या बोअरची, म्हणजे रुंद नळीची रायफल, एकदा भरली की चाप दाबेल तशी गोळीमागून गोळी सोडणारी. "अशी नवीच बनवायची. सुटे भाग मी आणतो. कागदांचं माझं मी बघतो."

असली रायफल आपल्याकडं साध्या माणसाला परवान्यावरही मिळत नाही. अण्णांना हे माझ्याआधीपासून माहीत. पण त्यांची नजर मोबाईलवरून हलेना. सारा जन्म लोकांच्या गंजक्या एकनळ्या सरळ करण्यात गेला. आपल्या हातची एक तरी मोठी रायफल व्हावी ही त्यांची हौस मला लहानपणापासून ठाऊक होती. मला त्यांची कीव आली, आणि त्याहून जास्त राग आला.

"न्हाई व्हायचं," मी म्हणाले.

"ताई, काकांनी माप घेतलंय." साहेब हसला. आमची रीत त्याला कुणीतरी सांगितली असणार.

अण्णा म्हणाले, "पोरी, माप घेतलंय म्या. आजवर कदी फिरलो न्हाई."

"तुमी नका फिरू. मी फिरती. परवाना माझ्या नावावर हाय, तुरुंगात बी मलाच जायला लागंल."

मी वहीतलं पान टर्रकन फाडून साहेबाच्या हातात दिलं. "ह्या मापाचा शर्ट शिवा."

तो गेला. अण्णांनी बोलणं टाकलं. भाकरीसुद्धा आईकडून मागत. मीही मनधरणी केली नाही. वडील झाले म्हणून त्यांची चूक माझी होत नाही.

आठवड्यानं पोलिस ठाण्याचे हवालदार नेहमीच्या तपासणीला आले. मालक मी, पण सवयीनं त्यांनी अण्णांनाच विचारलं, "काय अण्णा, नवीन काय बनवलंत?"

"बनवणार हुतो," अण्णा म्हणाले. "मोठी रायफल. हिनं बनवू दिली न्हाई. न्हाईतर आज तुमी मला न्यायला आला असता."

हवालदारांना ती थट्टा वाटली, ते मोठ्यानं हसले. अण्णा हसत नव्हते. भांडणानंतर पहिल्यांदाच ते माझ्याकडं बघत होते, आणि मी नजर खाली केली नाही.