रजईतली बॅटरी

"गरम नको व्हायला, भिया. बाकी सब चलेगा." असं म्हणत काका बॅटरीवर उलटा हात ठेवायचे, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या आमच्या गल्लीत हे रोजचंच होतं आणि आम्ही सगळे हसायचो. आता ते आठवलं की हसवत नाही.

काका आमचे शेजारी. महूच्या फौजी घराण्यातले, त्यामुळे मिशी आणि आवाज दोन्ही कडक. नोकरी वीज खात्यात, आणि ती सारी सरली माळव्याच्या उन्हाळ्यात जळणाऱ्या ट्रान्सफॉर्मरांमागे धावण्यात. उष्णतेशी त्यांचं जुनं वैर होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मिनी बस घेतली आणि तिचं चाकांवरचं घर केलं. पलंग, छोटा ओटा, छतावर सोलर पॅनेल. हौस काकांची नव्हे, काकूंसाठी केलेली. काकूंची फुप्फुसं अधू. झोपताना ऑक्सिजनचं मशीन लागायचं, दिवसाही अधूनमधून लागायचंच. त्यामुळे कित्येक वर्षांत त्या कुठे मुक्कामाला गेल्या नव्हत्या, आणि त्यांना एकदा बर्फ बघायचा होता. म्हणून मशीन चालेल एवढी मोठी लिथियम बॅटरी काकांनी बसवली.

बसवली मात्र गाडीच्या बाहेर, खालच्या अंगाला, जाळीच्या पेटीत.

"काका, आत जागा होती की," मी म्हटलं.

"आत भट्टी होते, भिया. इंदूरचं ऊन बघितलंय ना? बाहेर हवा लागते."

मी मान डोलावली. तुम्हीही डोलावली असती. इंदुरात जन्म काढलेल्या माणसाला बॅटरीला थंडी बाधेल हे सुचणार कुठून?

गेल्या हिवाळ्यात दोघं हिमाचलात गेले. डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणून गाव फार उंचावरचं नव्हतं. पोचल्यावर काकांचा फोन आला. "तुझी काकू मला बर्फाचे गोळे मारतेय. निशाना पक्का है." मागे काकू हसताना ऐकू येत होत्या, धाप लागेपर्यंत.

मग आणखी बर्फ पडला. रस्ता बंद झाला, गावातली वीज गेली. सकाळी पुन्हा फोन. "पॅनेलवर ऊन आहे, पण बॅटरी चार्ज घेईना. रात्रभर मशीन चालून ती उतरत आलीय. खराब निकली." आवाजातला कडकपणा गेला होता. मी बॅटरीच्या दुकानदाराला विचारलं आणि काकांना कळवलं, की ती खराब नाही, गारठलीय. शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज घेत नाही. आत आणून ऊब द्या.

"पूरी उमर गरमी से लड़ा, भिया," काका म्हणाले.

"ती फार जड आहे, कोणाला तरी मदतीला घ्या, काका."

"हो, हो." फोन बंद झाला.

दुपारी मी इंदुरातच, पलासियाला ऑफिसात होतो. स्क्रीनवर काकांचं नाव आलं. काकू गेल्या, दुसरं काय असणार? सांत्वनाचे शब्द जुळवूनच मी फोन उचलला.

बोलत होत्या काकू.

"बेटा, बॅटरी चार्ज होतेय." आवाज अगदी सपाट. "ह्यांनी एकट्यानं ओढून आत आणली. तेवढा वेळ मी मशीनशिवाय होते ना, म्हणून कोणाला बोलवायला थांबलेच नाहीत. मशीन आधी जोडलं, मग स्वतःची रजई बॅटरीला गुंडाळली, गरम पाण्याच्या पिशव्या लावल्या. चार्जिंगचा दिवा लागला तेव्हा 'हो गया' म्हणाले आणि टेकून बसले. मला वाटलं डोळा लागला. गावातले डॉक्टर आत्ता बघून गेले. हार्ट बंद पडलंय म्हणतात."

मरणाची भीती आम्ही सगळ्यांनी काकूंच्या नावानं बाळगलेली. काकांचा विचार कोणाच्या मनाला शिवलाही नव्हता. मागे मशीन एकसारखं चालू होतं.

"रस्ता उघडला की तू येशील का?" काकू म्हणाल्या. "मला गाडी चालवता येत नाही."